गडद ठिपके

आकृती तीनमधले काही ठिपके बाकीच्यांपेक्षा गडद होते.

आधी मला वाटलं, छपाईयंत्राची शाई कुठे जास्त पडली असेल. मी पान खिडकीच्या काचेला लावून पाहिलं, मग दुसऱ्या यंत्रावर पुन्हा छापून घेतलं. ठिपके तिथेच होते आणि तेवढेच गडद होते. आकृतीतला एक ठिपका म्हणजे एक रुग्ण. ठिपके मुद्दाम अर्धपारदर्शक ठेवलेले, पाण्यात शाईचा थेंब पडावा तसे फिकट निळे. दोन ठिपके एकमेकांवर आले की तेवढाच भाग गडद होतो. गर्दीच्या मध्यभागी तसं होणारच. पण हे ठिपके कडेला होते, कार्यक्रम संपल्यावर सभागृहात उरलेल्या चार माणसांसारखे लांबलांब. आणि तिथेही ते एकमेकांवर असे नेमके बसले होते, की खालच्या ठिपक्याची नखाएवढी कोरही बाहेर डोकावत नव्हती.

रक्तातल्या शेकडो जनुकांची मोजमापं एकत्र करून प्रत्येक रुग्णाची जागा ठरवलेली होती. दोन माणसांचं रक्त इतकं जुळत नाही. एकाच माणसाचं रक्त सकाळ-संध्याकाळ घेतलं तरी जुळत नाही. जुळलंच, तर ते मोजमापच एक असतं, दोनदा नोंदलेलं.

हा मसुदा मला वर्गासाठी मिळाला होता. आमच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्राला शास्त्रीय लेखांच्या परीक्षणाचा वर्ग असतो. आमचं जीवशास्त्र संगणकावर चालतं. वर्गातल्या निम्म्यांनी बेडूक कधी हातात धरलेला नसतो, आणि उरलेल्या निम्म्यांना धरलेला बेडूक संगणकात कसा घालायचा ते माहीत नसतं. दोघांनाही दुसऱ्याचं लिखाण वाचून त्यात काय खरं आहे ते ठरवायला शिकवायचं, हे त्या वर्गाचं काम. शिकवणाऱ्या मॅडमना सगळे पाठीमागे कात्रीबाई म्हणतात. इमारतीतल्या प्रयोगशाळा त्यांना आपले अजून कुठेही न पाठवलेले मसुदे देतात. मॅडम पहिल्या पानावरची लेखकांच्या नावांची पट्टी कात्रीने कापतात, उरलेलं विद्यार्थ्याच्या हातात देतात. प्रत्येक मसुद्याला एक वाचक आणि एक राखीव वाचक. वाचणाऱ्याने वर्गासमोर उभं राहून परीक्षण करायचं आणि शेवटी तीनपैकी एक निकाल मोठ्याने द्यायचा: घ्या, दुरुस्त करा, किंवा परत पाठवा. लेखक शेवटच्या रांगेत बसलेला असतो. त्याने तोंड उघडायचं नाही. शेवटच्या रांगेत इतरही बरेच येऊन बसतात, त्यामुळे त्यातला लेखक कोण ते कळत नाही.

आणखी एक नियम आहे. लेखक ओळखू आला, तर मॅडमना सांगून बाजूला व्हायचं.

मला लेखक ओळखू आला नव्हता. फक्त संशय होता. मसुदा होता मूत्रपिंडांबद्दलचा: रुग्ण दाखल झाल्याझाल्या त्याच्या रक्तावरून, पुढे त्याची मूत्रपिंडं साथ देतील की नाही ते सांगणारी, संगणकावर चालणारी पद्धत. एका रुग्णालयाच्या माहितीवर पद्धत शिकवलेली आणि दुसऱ्या रुग्णालयाच्या माहितीवर पारखलेली. आमच्या इमारतीत मूत्रपिंडांवर काम करणारा एकच गट आहे. त्यात आठ जण आहेत, आणि त्यातली एक माझी वहिनी.

वहिनी म्हणजे माझ्या सख्ख्या मोठ्या भावाची बायको. गेली दोन वर्षं मी त्यांच्याच घरी राहते. मी या विषयाकडे वळले तेही तिच्यामुळेच. लेख कसा वाचायचा हे मला कात्रीबाईंनी नाही, वहिनीने शिकवलं. आधी चित्रं बघायची, मग शब्द, असं ती सांगायची. शब्द पटवायला बसलेले असतात. चित्राला तेवढं जमत नाही. आणि दुसरं सांगायची, की वाचणाऱ्याचं काम विचारणं, उत्तर देणं लिहिणाऱ्याचं.

या मसुद्यातली सगळी चित्रं निळ्या छटांची होती. दादाला लाल आणि हिरवा सारखाच दिसतो, म्हणून वहिनी सगळं निळ्यात काढते. पण निळा रंग काही तिने विकत घेतलेला नव्हता. गटातल्या कोणीही वापरला असेल, असं मी स्वतःला बजावलं. आठवडाभर बजावत राहिले.

त्या आठवड्यात मी दोन्ही रुग्णालयांची माहिती उतरवून घेतली. ती सर्वांसाठी खुली होती. एकीतल्या प्रत्येक रुग्णाची मोजमापं दुसरीतल्या प्रत्येकाशी ताडून पाहिली. दुसऱ्या रुग्णालयाच्या माहितीतले जवळजवळ चौथा हिस्सा रुग्ण पहिल्यातलेच निघाले, नुसते क्रमांक बदललेले. कुठल्यातरी जुन्या संयुक्त अभ्यासातले नमुने दोघांनी आपापल्या नावावर टाकले होते. त्यात लबाडी असेलच असं नाही, असं होतं. पण त्याचा अर्थ, पद्धतीकडून जी उत्तरं पाठ करून घेतली होती, तेच प्रश्न परीक्षेत आले होते. मी ते रुग्ण वगळून पद्धत पुन्हा चालवली. तिचं भाकीत नाणं उडवण्यापेक्षा जरा बरं होतं, इतकंच.

मसुद्याच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, की दोन अतिदक्षता विभागांनी ही पद्धत वापरून पाहायची तयारी दाखवली आहे.

वर्ग शुक्रवारी सकाळी होता. आणि सोमवारी वहिनीची मुलाखत होती.

ही मुलाखत कायमच्या जागेची. सात वर्षं ती करारावर काम करत होती; दर उन्हाळ्यात करार संपायचा आणि दर उन्हाळ्यात ती टेबल आवरून ठेवायची, न जाणो म्हणून. या वेळी जागा खरोखरच निघाली होती. घरात महिनाभर सगळं सोमवारवर ढकललेलं होतं. न्हाणीघरातला नळ गळत होता, तो सोमवारनंतर. दादाची दाढ दुखत होती, ती सोमवारनंतर. मी बूट घ्यायला जाऊ या म्हटलं, तर वहिनी म्हणाली, "वन्सं, अनवाणी फिरा, पण सोमवारपर्यंत मला काही विचारू नका." ती मला एरवी अगंतुगं करते, वन्सं म्हणाली की समजायचं, डोकं ठिकाणावर नाही.

गुरुवारी संध्याकाळी जेवणं झाल्यावर तिने भाषणाची तालीम करायला घेतली. दादा निवड समिती झाला. तो शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे त्याला परीक्षक व्हायला फार आवडतं. हातात पळी घेऊन तो खुर्चीत मागे रेलून बसला.

"बाई, तुमच्या पद्धतीने माझी मूत्रपिंडं कधी जाणार ते सांगा."

"असाच बोलत राहिलास तर सोमवारच्या आत."

"समितीशी बोलायची ही रीत?"

"समितीने पळी खाली ठेवावी."

मी ताटं पुसत उभी होते. वहिनीने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला आणि बोलू लागली. पहिलं चित्र, दुसरं चित्र. ती चांगली बोलते. थांबायचं कुठे ते तिला कळतं. मग तिसरं चित्र आलं.

फिकट निळे ठिपके. मधे दाट, कडेला विरळ. उजव्या कोपऱ्यात वर एक गडद, त्याच्या खाली बोटभर अंतरावर दुसरा.

माझ्या हातातलं ताट मी ओट्यावर ठेवलं. आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी ठेवलं.

"हे गडद का गं?" दादा म्हणाला. "मी मागेही विचारलं होतं."

"एकावर एक पडलेत."

"मागेही तू हेच म्हणालीस. पण असे कडेला? माझ्या वर्गात दोन पोरांचे सगळे आकडे असे जुळले, तर मी त्यांना वेगवेगळ्या बाकांवर बसवतो."

वहिनी हसली नाही. तिने पुढचं चित्र आणलं आणि एक वाक्य बोलली. मग मधेच थांबून संगणक मिटला.

"आज पुरे. आवाज बसतोय."

तिचा आवाज बसलेला नव्हता. दादाने माझ्याकडे पाहिलं, भुवया उंचावल्या, आणि पळी घासायला टाकून बाहेर गेला. एका ताणलेल्या माणसाशी दुसऱ्याने वाद घालू नये हे त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलंय.

वहिनीने फडकं घेतलं आणि माझ्या शेजारी उभी राहून उरलेली ताटं पुसू लागली.

"उद्या तुझं वाचन ना?"

"हो."

"कोणाचं आलंय ते मला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"तयारी झाली?"

"झाली."

ती एकच ताट परत परत पुसत होती. मी म्हणाले, "वहिनी, एक विचारू?"

"सोमवारनंतर."

"दोन मिनिटांचं आहे."

"दोन मिनिटांचंच काहीतरी असतं, आणि मग रात्रभर पुरतं," ती म्हणाली. मग जरा मऊ आवाजात, "सोमवार होऊ दे गं. मग सगळं बघू. अगदी सगळं."

ताट फळीवर ठेवून ती आत गेली. नळ गळत होता.

आता संशय उरला नव्हता. आणि एका प्रश्नाऐवजी दोन झाले होते. मसुदा तिचा आहे, हा त्यातला सोपा होता. दुसरा हा, की तिला ते ठिपके दिसले होते. निदान दादाने पहिल्यांदा विचारलं तेव्हापासून तरी. जी बाई मला चित्र आधी बघायला शिकवते, तिने स्वतःचं चित्र पाहिलं नसेल असं मानणं म्हणजे तिचा अपमान होता. आणि पाहूनही गप्प राहिली असं मानणं, त्याहून मोठा.

एक गोष्ट मात्र मला उलगडत नव्हती. लपवायचंच असतं, तर ठिपके अपारदर्शक करणं हे एका आकड्याचं काम आहे. तेवढा एक आकडा बदलला असता, तर सगळे ठिपके सारखे निळे दिसले असते आणि कोणाच्या बापालाही कळलं नसतं. तो आकडा तिने बदलला नव्हता.

शुक्रवारी सकाळी वर्गाआधी मी मॅडमच्या खोलीत गेले. त्या खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होत्या. कात्री टेबलावरच होती.

"मॅडम, मला लेखक ओळखू आला."

त्यांनी पाणी घालणं थांबवलं नाही. "नक्की?"

"हो."

"कधी?"

"काल संध्याकाळी."

"आणि संशय कधी आला?"

मी जमिनीकडे पाहिलं. "आठवड्यापूर्वी."

"मग आठवडाभर काय केलंस?"

"खात्री नाही, असं स्वतःला सांगत होते."

"ते सगळेच सांगतात," त्या म्हणाल्या आणि तांब्या खाली ठेवला. "बरं. राखीव वाचक कोण आहे?"

राखीव वाचक आमच्या वर्गातला शंकासुर होता. त्याला प्रत्येक गोष्टीवर शंका असते. उपाहारगृहातल्या चहाचाही तो पुरावा मागतो.

"तो वाचेल," मॅडम म्हणाल्या. "तुझं परीक्षण मला दाखवू नकोस. तुला त्यात काय सापडलं तेही सांगू नकोस. आता तू वाचक नाहीस."

"पण मॅडम, जर त्यात काही..."

"जर-तर नको. आपल्या माणसाच्या लेखात खोट काढायला बळ लागतं आणि झाकायलाही लागतं. या दोन्हींपैकी काय चाललंय ते बाहेरून कळत नाही. म्हणून नियम."

मी मान हलवली. दारापर्यंत जाऊन परत वळले.

"वर्गात बसले तर चालेल?"

"बस."

"आणि प्रश्न?"

मॅडमनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "प्रश्न कोणीही विचारू शकतं. फरशी पुसायला येणारी बाईसुद्धा. निकाल देता येणार नाही. आणि तुझ्याकडे उत्तर असेल, तर ते तुझ्याकडेच ठेवायचं."

वर्गात मी तिसऱ्या रांगेत बसले. शेवटच्या रांगेत माणसं येत होती. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मी मागे पाहिलं नाही, पण वहिनी आली ते कळलं. विचार करताना ती पेनाचं टोपण अर्धवट काढते आणि परत दाबते. टक्, आणि मग काही वेळाने टक्.

मॅडमनी सांगितलं, की आज राखीव वाचक वाचणार आहे. कारण सांगितलं नाही. ते त्या कधीच सांगत नाहीत, आणि सांगावंही लागत नाही. ठरलेला वाचक कोण होता हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं. मागचं टोपण थांबलं. माझ्या मानेवर कोणीतरी बोट ठेवावं तसं मला वाटलं.

म्हणजे आता तिलाही कळलं होतं.

शंकासुर उभा राहिला. त्याने मन लावून वाचलं होतं. प्रस्तावना लांबली आहे. दुसऱ्या तक्त्यात एकक लिहायचं राहिलं आहे. रुग्णांच्या वयाचा विचार केलाय, पण वजनाचा नाही. प्रत्येक शंका खरी होती आणि एकीनेही काही बिघडत नव्हतं. मग त्याने आकृती तीन पडद्यावर लावली. भिंतीएवढ्या पडद्यावर ते ठिपके नाण्यांएवढे झाले. गडद होते ते लांबून दिसत होते. मला तर दुसरं काही दिसतच नव्हतं.

"ही आकृती मला सगळ्यात आवडली," शंकासुर म्हणाला. "दोन्ही रुग्णालयांचे रुग्ण एकाच घोळक्यात आलेत, दोन वेगळे घोळके पडलेले नाहीत. म्हणजे दोन्हींच्या मोजमापांत फरक नाही. माझी इथे काहीही शंका नाही."

वर्ग हसला. "नोंद घ्या," कोणीतरी म्हणालं, "याची शंका संपली." शंकासुर स्वतःही हसला आणि पुढच्या आकृतीवर गेला.

मी विचारलं नाही, तर हा मसुदा "दुरुस्त करा" घेऊन बाहेर पडेल. वहिनी एकक लिहील, प्रस्तावना छाटील. सोमवारी समितीसमोर ती चांगली बोलेल आणि जागा मिळवेल. ती तिचीच आहे, तिच्याइतकं त्या जागेवर कोणी राबलेलं नाही. नळ दुरुस्त होईल. मग कुठल्यातरी अतिदक्षता विभागात कोणीतरी एका माणसाच्या रक्तावरून सांगेल, की याची मूत्रपिंडं ठीक राहतील, याला साध्या विभागात हलवा. आणि ते नाणं उडवून सांगितलेलं असेल.

मी विचारलं, तर आज संध्याकाळी घरी जाऊन मी कोणत्या खुर्चीवर बसायचं, ते मला माहीत नव्हतं.

शंकासुर शेवटाला आला होता. मॅडम म्हणाल्या, "निकालाआधी कोणाला काही विचारायचंय?"

हे विचारून त्या नेहमी थांबतात. माझा हात वर गेला.

"आकृती तीन पुन्हा दाखवशील?"

त्याने दाखवली.

"कडेचे काही ठिपके गडद आहेत. ते गडद का आहेत?"

शंकासुराने पडद्याकडे पाहिलं. जवळ गेला. उजव्या कोपऱ्यातल्या ठिपक्याला नाक लागेल इतका जवळ. "एकावर एक असतील," तो म्हणाला. मग त्याचा आवाज हळू झाला. "पण अगदीच... कोर पण दिसत नाहीये. एक मिनिट." तो मागे सरला. "छपाईचं असेल का? नाही, हा तर पडदा आहे." तो माझ्याकडे वळला. "तुला काय वाटतं?"

"मला फक्त विचारायचं होतं," मी म्हणाले.

त्याने मॅडमकडे पाहिलं. मॅडम त्याच्याकडे पाहत नव्हत्या आणि माझ्याकडेही नाही. हातातलं पेन त्यांनी टेबलावर आडवं ठेवलं होतं. या वर्गात प्रश्नाचं उत्तर वाचकाला आलं नाही, तर तो प्रश्न लेखी जोडायचा आणि पुढे जायचं, असा रिवाज आहे. शंकासुराने कागद उचलला. "मग मी हा प्रश्न जोडतो आणि निकाल... निकाल दुरुस्त..." तो पुन्हा पडद्याकडे वळला. एवढं धडधडीत समोर असताना ते वाक्य त्याला पुरं करवेना.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली.

मी तरीही वळले नाही. मग सगळेच वळले, तेव्हा मीही वळले. वहिनी उभी होती. पेनाचं टोपण तिच्या एका हातात आणि पेन दुसऱ्या हातात होतं, आणि त्या दोघांचं काय करायचं ते तिला सुचत नसावं. मॅडम म्हणाल्या, "लेखकाने बोलायचं नसतं." पण थांबवायचं असतं तेव्हा त्या असं बोलत नाहीत.

"माहीत आहे," वहिनी म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. स्वयंपाकघरात एखादं चित्र मी बरोबर वाचलं की ती पाहायची, तसंच पाहिलं. फक्त डोळ्यांखालचं महिन्याभराचं काळं आता मला स्पष्ट दिसत होतं.

तिने टोपण पेनाला लावलं. टक्.

"ते गडद आहेत, कारण ते तेच रुग्ण आहेत," ती म्हणाली. "हा मसुदा माझा आहे. मी तो मागे घेते आहे. सोमवारच्या आधी."